खाऱ्या वाऱ्यात चावीचं घड्याळ

बाबांचं एचएमटी जनता घड्याळजींच्या टेबलावर उघडं पडलं होतं. मागचं झाकण निघालं तेव्हा पावसाळाभर बंद राहिलेल्या ट्रंकेचा वास आला. घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावलं, चिमट्याने चावीचा, म्हणजे कडेच्या बोंडाचा, दांडा ओढून पांढऱ्या कागदावर ठेवला. सुईएवढा दांडा, त्यावर तपकिरी पूड. कागदावर त्याचा डाग उमटला.

"किती वर्षं पडून होतं?"

"नऊ."

बाबा होते तोवर रोज सकाळी चहाच्या आधी त्याला चावी द्यायचे. शाळेत, बाजारात, कलमांच्या बागेत, सगळीकडे ते त्यांच्या हातात असायचं. पाऊस आला की घड्याळ प्लास्टिकच्या पिशवीत आणि पिशवी खिशात. दर दिवाळीच्या सुट्टीत ऑइलिंग. पंचवीस वर्षं ते असं चाललं. बाबा गेल्यावर 'आठवण आहे, खराब नको व्हायला' म्हणून मी ते रुमालात गुंडाळून कपाटात ठेवलं, आणि कपाटाने ते खाल्लं.

ते घड्याळ काही महागडं नव्हतं. पण लाख-दोन लाखांचं स्विस नाहीतर जपानी घड्याळ घेऊन 'लग्नाकार्याला घालू' म्हणत लॉकरमध्ये ठेवणारे माझ्या ओळखीत चार-पाच जण आहेत. त्यांना मी तो गंजका दांडा दाखवतो. हो, तो मी जपून ठेवलाय. कोकणात घड्याळाला समुद्रापेक्षा कपाट जास्त बाधतं, असं माझं ठाम मत झालंय. ते का, आणि मग रोज घालायचं तर कसलं घ्यायचं, हे नीट कळायला आधी आतलं यंत्र बघावं लागेल.

झोपाळा आणि एकेक दात

मेकॅनिकल घड्याळ म्हणजे सेल नसलेलं घड्याळ. आत धातूच्या पातळ पट्टीची गुंडाळी असते, ती मेनस्प्रिंग. चावी दिली की ती घट्ट होते आणि मग सुटायला बघते. तिला एकदम सुटू दिलं तर काटे गरगर फिरून क्षणात सगळं संपेल. तिला थोडंथोडं, मोजून सुटू देणं ही या यंत्राची सगळी करामत.

ओटीवरचा झोपाळा आठवा. झोका लहान घ्या की जरा मोठा, एका फेरीला वेळ जवळजवळ तेवढाच लागतो. घड्याळातला झोपाळा म्हणजे बॅलन्स व्हील नावाचं छोटं चाक, इकडून तिकडे, तिकडून इकडे फिरणारं. झोपाळ्याला परत खाली आणायला गुरुत्वाकर्षण असतं. मनगट दिवसभर आडवंतिडवं होत असल्यामुळे इथे ते काम केसासारखी बारीक स्प्रिंग करते, तिचं नावही हेअरस्प्रिंग. आता झोपाळ्याशेजारी एक पोर उभं आहे असं धरा. दर फेरीला ते झोपाळ्याला हलकासा धक्का देतं आणि त्याच वेळी दातेरी चाक एक पाऊल पुढे सोडतं. परत अडवतं, परत सोडतं. हे पोर म्हणजे एस्केपमेंट. टिकटिक ऐकू येते ती त्याच्या अडवण्याची.

जनता घड्याळातला झोपाळा तासाला १८,००० ठोके देतो, म्हणजे सेकंदाला ५. आजच्या बऱ्याच महाग घड्याळांत तासाला २८,८०० असतात, सेकंदाला ८, म्हणून त्यांचा सेकंदकाटा उड्या न मारता सरकल्यासारखा दिसतो. सेकंदाला ८ म्हणजे दिवसाला ६,९१,२०० ठोके, वर्षाला २५ कोटींहून जास्त. एवढं घासूनही चाकांचे दांडे झिजू नयेत म्हणून ते माणकांच्या बारीक भोकांत फिरतात. तबकडीवर '१७ ज्वेल्स' लिहिलेलं असतं ते हेच. ही माणकं कारखान्यात बनवलेली असतात, त्यांची किंमत किरकोळ. कुणी मोडीत देऊन श्रीमंत झाल्याचं मी ऐकलेलं नाही. त्यांचं काम बेअरिंगचं आणि तेलाचा कण जागच्या जागी धरून ठेवायचं. तो कण सुकला की झोपाळा जड होतो, घड्याळ आळसावतं.

वेळ किती बरोबर? दिवसाचे ८६,४०० सेकंद. स्वित्झर्लंडमध्ये सीओएससी ही संस्था घड्याळाचं यंत्र १५ दिवस, ५ स्थितींत आणि ८, २३ व ३८ अंश तापमानात तपासते. दिवसाला ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे, या हद्दीत सरासरी राहिली तरच त्याला 'क्रोनोमीटर' म्हणता येतं. टक्क्यांत मांडलं तर ही चूक एका टक्क्याच्या शंभराव्या भागाहूनही कमी. स्प्रिंग आणि दातांच्या भरवशावर चालणाऱ्या वस्तूला हे मोठंच म्हणायचं. तरीसुद्धा हजार रुपयांचं सेलवालं क्वार्ट्झ घड्याळ त्याला सहज हरवतं. क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो आणि घड्याळ महिन्याला फार तर १५ सेकंद इकडेतिकडे होतं. २५ डिसेंबर १९६९ ला जपानच्या सेकोने अॅस्ट्रॉन हे पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विकायला काढलं आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत स्वित्झर्लंडचे कित्येक कारखाने बसले. आपल्याकडे १९६१ पासून जपानच्या सिटिझनच्या मदतीने घड्याळं बनवणाऱ्या एचएमटीलाही क्वार्ट्झचा तडाखा बसलाच. २०१६ मध्ये तो घड्याळांचा कारखाना बंद करायचा निर्णय झाला.

तेव्हा अचूक वेळेसाठी कुणी मेकॅनिकल घेत असेल तर त्याने पैसे वाचवावेत, खिशात मोबाइल आहेच. हे घ्यायचं ते यंत्र आवडतं म्हणून. माझ्या बायकोला हे कारण अजून पटलेलं नाही.

मेकॅनिकलमध्ये दोन जाती. एक हाताने चावी द्यायचं, दुसरं ऑटोमॅटिक. ऑटोमॅटिकमध्ये अर्धचंद्रासारखा जड तुकडा आत फिरत असतो आणि हात हलला की चावी आपोआप भरते. पूर्ण भरलेली चावी घड्याळाप्रमाणे दीड ते तीन दिवस पुरते. चावी जास्त दिली तर स्प्रिंग तुटते ही जुनी भीती ऑटोमॅटिकला लागू नाही. त्यात भरल्यावर स्प्रिंग आतल्या आत घसरते. हातचावीच्या घड्याळात मात्र बोटाला अडल्यासारखं लागलं की थांबायचं. एक सवय दोन्हींना लागू: रात्री ९ ते पहाटे ३ च्या दरम्यान तारीख चावीने बदलायची नाही. त्या वेळेत तारखेची चाकं आधीच एकमेकांत अडकलेली असतात आणि जोर केला तर दात मोडतो.

३० मीटर म्हणजे ३० मीटर नव्हे

दुकानात सगळ्यात जास्त फसगत होते ती इथे. मागे '३० मीटर' कोरलेलं असलं की माणसाला वाटतं, तारकर्लीला बुडी मारायला हरकत नाही. हा आकडा प्रयोगशाळेतल्या दाबाचा आहे: नवं घड्याळ, नव्या रबरी वॉशर, स्वच्छ पाणी, हालचाल नाही. व्यवहारात ३० मीटर म्हणजे हात धुताना उडालेले थेंब. ५० मीटर म्हणजे भिजलं तरी घाबरू नका. पोहायचं, समुद्रात उतरायचं तर १०० मीटर आणि शक्यतो आट्यांची, म्हणजे स्क्रूसारखी बसणारी चावी. स्कूबासाठी २०० मीटरवालं डायव्हर, म्हणजे पाणबुड्यांचं घड्याळ, घ्यावं.

याबरोबर एक समज फिरतो की पोहताना हात मारला की पाण्याचा दाब कितीतरी पटींनी वाढतो आणि म्हणून ३० मीटरचं घड्याळ मरतं. हिशोब करून बघा. हात सेकंदाला ५ मीटर वेगाने पाण्यात गेला, आणि तो वेग काही थोडा नाही, तरी वाढीव दाब साधारण सव्वा मीटर खोलीएवढाच होतो. म्हणजे घड्याळ मरतं ते दाबाने नव्हे. ते मरतं वॉशरमुळे. काच, चावी आणि मागचं झाकण, या तीन ठिकाणी रबरी वॉशर असतात. घाम, साबण, ऊन आणि वय यांनी रबर कडक होतं, चपटं होतं, बारीक तडकतं. तीन वर्षांपूर्वी १०० मीटर असलेलं घड्याळ आज किती मीटर आहे हे दाब तपासल्याशिवाय कुणीच सांगू शकत नाही. मे महिन्यात, पावसाच्या आधी, होड्यांना तेल लावून त्या वर ओढतात तेव्हाच घड्याळाची दाबचाचणीही करून घ्यावी. यंत्र असलेल्या दुकानात पाच-दहा मिनिटांचं काम आहे.

घरी करता येईल अशी एक जुनी चाचणी आहे. घड्याळ हातावर गरम झालेलं असताना काचेवर गार पाण्याचा एक थेंब ठेवा आणि मिनिटभर थांबा. थेंब पुसल्यावर त्याच जागी काचेच्या आतून धुकं दिसलं तर ओल आत शिरलेली आहे. गाडीच्या एसीतून जुलैच्या हवेत उतरल्यावर काचेवर जो वाफारा येतो तो बहुतेक वेळा बाहेरचा असतो; बोटाने पुसला जातो, त्याची काळजी नको. आतून आला तर उद्यावर ढकलू नका. तांदळाच्या डब्यात घड्याळ पुरून काही होत नाही, झाकण बंद असताना तांदूळ आतली ओल कशी ओढणार? आणि आत गेलेलं पाणी खारं असेल तर तुमच्याकडे तास आहेत, दिवस नाहीत. हेअरस्प्रिंगवर एक गंजाचा ठिपका पडला तरी झोपाळ्याची लय बिघडते.

आता मीठ. समुद्रात न उतरणाऱ्यालाही ते सोडत नाही. बंदराजवळच्या घरांत खिडकीचे गज, पंख्याचे स्क्रू, दुचाकीचा सायलेन्सर कसे खातात ते आपण बघतोच. चांगल्या घड्याळाचं स्टील मात्र ३१६एल जातीचं असतं. त्यात क्रोमियम असतं, ते वर अदृश्य थर धरतं. आणि २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम, जे मिठातल्या क्लोराइडला त्या थराला भोकं पाडू देत नाही. रोलेक्स वापरते ते ९०४एल यात आणखी पुढे आहे. पण स्टील कुठलंही असो, जिथे खारट घाम साचून राहतो आणि हवा लागत नाही तिथे ते हळूहळू खातंच: ब्रेसलेटच्या कड्यांमध्ये, पट्ट्याच्या पिनांच्या भोकात, मागच्या झाकणाच्या कडेला. म्हणून ते धुवावं लागतं. चावी बंद आहे ना हे बघायचं, नळाखाली धरायचं, जुना मऊ टूथब्रश आणि भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, मग सुती फडक्याने कोरडं. खाडीकाठच्या विहिरीचं पाणी मे महिन्यात मचूळ होतं, त्याने घड्याळ धुणं म्हणजे मिठाने मीठ काढणं. पिण्याचं पाणी घ्या, वाटीभर पुरतं.

टायटॅनियम हा कोकणासाठी सगळ्यात समजूतदार धातू. खाऱ्या पाण्याला दाद देत नाही, स्टीलच्या जवळपास निम्म्या वजनाचा, निकेलने ज्यांच्या हाताला खाज येते त्यांनाही चालतो. चरे मात्र लवकर पडतात. ब्राँझचं घड्याळ इथे महिन्याभरात देवळातल्या जुन्या घंटेसारखं काळंहिरवं होतं. काहींना तेच हवं असतं. सोन्याबद्दल मी काही बोलत नाही, ज्याला परवडतं तो मला विचारायला येत नाही.

काच नीलमची, म्हणजे सफायर घ्या. कठीणपणाच्या एक ते दहाच्या मोह्स पट्टीवर तिचा क्रमांक ९, वाळूतल्या गारेचा ७. म्हणजे वाळू तिला ओरखडू शकत नाही, साध्या काचेला आणि स्टीलला मात्र ओरखडते. डायव्हर घड्याळाच्या तबकडीभोवतीच्या फिरत्या कड्यात वाळूचा कण अडकला की ते करकरतं, मग फिरतच नाही. जोर करू नका, वाटीत गोड्या पाण्यात अर्धा तास ठेवून हळूहळू फिरवा.

डबलबारीची रात्र

पाण्याला सगळे भितात, लोहचुंबकाला कुणीच भीत नाही. आमच्या वाडीत गणपतीत डबलबारी, म्हणजे दोन बुवांचा भजनाचा सामना, होती. मी घड्याळ काढून मागे स्पीकरच्या खोक्यावर ठेवलं, कारण पहिल्या गजराला टाळ वाजवताना ते मनगटावर आपटत होतं. पहाटे हातात घातलं तेव्हा वेळ बरोबर होती. दुसऱ्या दिवशी रात्री ते चक्क वीस मिनिटं पुढे. मला वाटलं गेलंच.

झालं होतं एवढंच: स्पीकरमागच्या मोठ्या चुंबकाने हेअरस्प्रिंगची वेटोळी चुंबकित केली, ती एकमेकांना चिकटली. वेटोळी चिकटली म्हणजे स्प्रिंग आखूड झाली, आणि आखूड स्प्रिंगचा झोपाळा भराभर झुलतो. घड्याळ एकाएकी रोज कित्येक मिनिटं पुढे जायला लागलं तर पहिला संशय हाच घ्यायचा. मोबाइलमधलं होकायंत्र उघडून घड्याळ जवळ न्या; सुई जोरात फिरली तर बहुधा तेच आहे. घड्याळजीकडे डीमॅग्नेटायझर नावाचं छोटं यंत्र असतं, काही सेकंदांत काम होतं. माझ्याकडून त्यांनी पैसेसुद्धा घेतले नाहीत, फक्त हसले.

टॅबलेटचं झाकण, पर्सचं चुंबकी बटण, मोबाइलच्या मागचं गोल चुंबक, सगळ्यांत हाच धोका. दोन-चार इंच लांब ठेवलं तरी पुरतं. 'अँटीमॅग्नेटिक' या शब्दामागचं नेहमीचं प्रमाण ४,८०० अँपिअर प्रति मीटर आहे, म्हणजे जेमतेम ६० गॉस (गॉस हे चुंबकाच्या जोराचं माप). सिलिकॉनची हेअरस्प्रिंग असलेल्या घड्याळाला ही कटकट जवळपास नाही, आणि मेटास या स्विस मापनसंस्थेच्या प्रमाणपत्राची घड्याळं १५,००० गॉसला तपासलेली असतात. दर गणपतीत स्पीकरशेजारी बसणाऱ्याने हा पैसा जरूर खर्च करावा.

रत्नागिरीच्या आसपास किनाऱ्यावर काळी वाळू दिसते, तिच्यातले बरेच कण चुंबकाला चिकटतात. लहानपणी आम्ही दोरीला चुंबक बांधून ती गोळा करायचो. ती वाळू घड्याळ चुंबकित करत नाही, उगाच घाबरू नका. 

धक्क्याचं थोडक्यात. बॅलन्सचा दांडा केसाएवढ्या टोकावर फिरतो. त्याला धक्का सोसणारी छोटी स्प्रिंग असते, इन्काब्लॉक नावाची पद्धत १९३० च्या दशकापासून वापरात आहे. टेबलावर आपटलं, दार लागलं, मुंबई-गोवा हायवेवर बाइकने आलात, एवढं ती सोसते. नारळ सोलताना आणि कोयतीने फांद्या तोडताना घड्याळ काढून ठेवा. तो धक्का एकदाचा नसतो, तास-दीड तास सारखा चालू असतो.

मनगट, पट्टा आणि फणसाचा चीक

आकड्यांवरून घड्याळ घेऊ नका. ४० मिलिमीटर व्यासाचं एक घड्याळ हातावर चपखल बसतं आणि दुसरं ताटलीसारखं दिसतं, कारण खरं माप पट्टा जोडायच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतचं असतं. ते तुमच्या मनगटाच्या सपाट भागाबाहेर जाता कामा नये. जाडीही बघा. आपण वर्षाचे दहा महिने अर्ध्या बाह्यांत असतो, त्यामुळे बाहीखाली सरकेल का हा दुकानदारांचा आवडता मुद्दा आपल्याला लागू नाही. दाराच्या कडीवर आपटेल का, हा आहे.

दुपारी मनगट सुजतं. सकाळी दुकानात एसीत मापाला बसलेलं ब्रेसलेट मे महिन्याच्या दुपारी रुतायला लागतं. ज्याच्या कडीत अवजाराविना थोडं सैल-घट्ट करता येतं तेच घ्या, यासाठी मी एखादं प्रसिद्ध नाव सोडायलाही तयार आहे.

चामड्याचा पट्टा जूनमध्ये काढून ठेवायचा आणि दसऱ्याला चढवायचा. मधल्या काळात त्याला घामाचा वास येतो, आणि कपाटात ठेवला तर पांढरी बुरशी. पावसाळ्यात रबर किंवा नायलॉन. नायलॉन भिजलं तर रात्री दोरीवर टाकलं की झालं. स्प्रिंगच्या पिना काढायचं हत्यार स्वस्तात मिळतं, पण पहिल्यांदा करताना घड्याळाच्या धातूच्या डबीला ओरखडा पडतोच. पडू द्या, तो तुमचाच.

फणस फोडताना घड्याळ काढायला विसरलात तर काय करायचं हे कुठल्याच कंपनीच्या पुस्तिकेत लिहिलेलं नसतं. चीक ब्रेसलेटच्या कड्यांत बसतो, पाण्याने आणखी घट्ट होतो, वर लाल माती चिकटते. हाताला लावतो तेच औषध: खोबरेल तेलाचं बोट, कापसाने कड्यांवर चोळायचं, चीक सुटला की साबणाने तेल काढायचं. तेल चामड्याला लागू देऊ नका आणि चावीच्या फटीपासून लांब ठेवा. घड्याळजींनी माझं ब्रेसलेट हुंगून विचारलं होतं, "कापा की बरका?"

पैसे कुठे घालायचे

नाव बघायच्या आधी विचारा: हे बिघडलं तर कोण उघडणार? काही कंपन्यांची यंत्रं फक्त त्यांचीच सर्व्हिस सेंटरं उघडतात, आणि ती मुंबई-पुण्यात. घड्याळ कुरिअरने जातं, महिने लागतात. उलट ईटीए २८२४, सेलिता एसडब्ल्यू२०० ही स्विस आणि सेको, मियोटाची नेहमीची जपानी यंत्रं एखाद्या जाणत्या घड्याळजीच्या हाताखालून शेकड्यांनी गेलेली असतात, सुटे भागही मिळतात. ही यंत्रं स्वस्त आहेत म्हणून नाक मुरडणारे भेटतील. त्यांना मुरडू द्या. ऑइलिंग, म्हणजे पूर्ण उघडून धुऊन परत तेल घालणं, पाच ते दहा वर्षांतून एकदा लागतं, आणि महाग घड्याळाचा तो खर्च एखाद्या साध्या नव्या घड्याळाएवढा असतो. घेताना हाही आकडा विचारा.

'स्विस मेड'चा अर्थ सगळं स्वित्झर्लंडमध्ये बनलं असा नाही. २०१७ पासूनच्या नियमाप्रमाणे उत्पादनखर्चाचा किमान ६० टक्के भाग तिथला असावा लागतो. जपानी घड्याळ हलक्या दर्जाचं ही समजूत तर सोडाच. ग्रँड सेकोची तबकडी भिंगाखाली बघितलेला माणूस ते वाक्य परत बोलत नाही.

बिलाशिवाय घेऊ नका. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला कायद्याने विक्रेत्याला बंदी आहे. २२ एप्रिल २०२५ पासून १० लाखांवरच्या घड्याळावर १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने विकतानाच वसूल करायचा आयकर, कापला जातो, तो आयकर रिटर्नमध्ये वळता होतो. आखातातून येणाऱ्या भाचे-पुतण्यांकडून मागवायची आपल्याकडे रीत आहे, पण विमानतळावर कस्टम्सला सांगितल्याविना आणलेलं घड्याळ म्हणजे डोक्याला ताप, आणि गॅरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का व तारीख नसेल तर कार्ड नुसता पुठ्ठा. जुनं घेताना झाकण समोर उघडून बघा. 'फर्स्ट कॉपी' म्हणजे खोटं घड्याळ, त्याला दुसरं नाव नाही. घड्याळ ही गुंतवणूक आहे असं सांगणारा बहुतेक वेळा तुम्हाला घड्याळ विकत असतो.

मला विचाराल तर पहिलं घड्याळ असं: १०० मीटर, आट्यांची चावी, सफायर काच, स्टील नाहीतर टायटॅनियम, साधं तीन काट्यांचं, सोबत एक रबरी पट्टा.

दुबईची वेळ आणि चंद्र

तीन काट्यांवर भागत नाही अशीही माणसं आहेत. ज्याचा मुलगा दुबईत आहे त्याला दोन ठिकाणची वेळ दाखवणारं जीएमटी घड्याळ हवं असतं. त्यात चौथा काटा २४ तासांत एक फेरी मारतो. गोम अशी की तो पुढेमागे करता येतो तो पूर्ण तासांनी, आणि आपली वेळ आहे ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. दुबई आपल्या दीड तास मागे, कुवेत अडीच. मिनिटकाटा तर एकच, म्हणून अर्धा तास मनातल्या मनात वजा करावा लागतो. कड्याला अर्ध्या तासाचे टप्पे असतील तर थोडं सोपं जातं. लंडनसाठी मात्र काहीच घ्यायला नको: हिवाळ्यात आपलं साधं घड्याळ उलटं धरा, सहाचा आकडा वर आणा, काटे जवळपास लंडनची वेळ दाखवतात. आकडे नसलेल्या तबकडीवर तर लगेच जमतं.

आणि चंद्र. तबकडीवर छोट्या खिडकीतून चंद्राच्या कला दाखवणारं घड्याळ शहरात शोभेचं असेल, आपल्याकडे त्याला काम आहे. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, म्हणजे मोठी भरती, अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे लहान भरती, आणि भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा, हे ज्याला कळतं त्याला त्या खिडकीतून समुद्र दिसतो. यंत्र अगदी साधं. ५९ दातांच्या चकतीवर दोन चंद्र रंगवलेले, रोज एक दात पुढे. म्हणजे एका चंद्राला साडेएकोणतीस दिवस. खरा चांद्रमास २९.५३ दिवसांचा. हा बारीक फरक साचत जातो आणि अडीच वर्षांच्या थोडं पुढे घड्याळातला चंद्र एक दिवस पुढे निघून जातो. १३५ दातांची चाकं असलेल्या घड्याळात हीच चूक व्हायला १२२ वर्षं लागतात, आणि किंमतही त्या मानाने.

माझा मावसभाऊ बोटीवर इंजिनिअर आहे, त्याच्याकडे ५९ दातांचं आहे. तीन वर्षांपूर्वी घेतलं तेव्हा त्याने चंद्र लावला होता आणि त्यानंतर घड्याळ कधी बंद पडू दिलं नव्हतं. गेल्या सुट्टीत बंदरावर संध्याकाळी जाळं विणत बसलेल्या काकांना तो ते कौतुकाने दाखवत होता. खिडकीच्या बरोबर मध्ये पूर्ण चंद्र. काकांनी सुई बाजूला ठेवली, त्याचं मनगट धरून डोळ्यांजवळ नेलं.

"पुनव फाल्याक आसा," ते म्हणाले. "तुझो चंद्र एक दिस पुढे गेलो."

आम्ही पंचांग काढलं. चतुर्दशीच होती. चंद्र पुढे ढकलायचं बटण असतं, मागे घ्यायचं नसतं. पण घड्याळ एक दिवस थांबवलं की चंद्र आपोआप जागेवर येतो. भावाने तिथेच चावी ओढली, सेकंदकाटा थांबला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याच वेळेला, डोंगरावर चंद्र वर आला तेव्हा, त्याने ती आत ढकलली. तारीख तेवढी एक पुढे सरकवावी लागली.